कोणाच्या वशिल्यानं

दोंडाईच्याच्या स्टेशनावर मला पोचवायला अक्का आल्या होत्या. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. साऱ्या घराच्या त्या अक्का, म्हणून माझ्याही. सासरे, आबा, रागानं घरीच बसले होते. धाकटा दीर शेतात निघून गेला होता, आणि धुळ्याच्या माझ्या भावानं तर माझं नावच टाकलं होतं. सालदारानं बैलगाडीतून माझी पत्र्याची ट्रंक उतरवली. अक्कांनी कळण्याच्या भाकरी आणि लसणाची चटणी बांधलेलं फडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "तठे कोनावर भरोसा ठेवू नको." गाडी सुटेपर्यंत त्या थांबल्यासुद्धा नाहीत. डोळ्यांत टिपूस नाही, मागे वळून बघणं नाही. मी खिडकीतून त्यांची पाठ बघत होते आणि मनात म्हणत होते, सुटल्या बाई माझ्यातून एकदाच्या. कोणावर भरोसा ठेवू नको म्हणाल्या, तर मी पहिल्यांदा त्यांनाच त्यात धरलं.

ही दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. आता लढाई संपली, रेशनकार्डं मात्र राहिली. तुमच्यापैकी जे गावातच राहिले, आणि जे माझ्यासारखे जळगावला, भुसावळला, कुठे कुठे पांगले, त्या सगळ्यांनी मला कधी ना कधी एकच प्रश्न विचारला आहे: तुला ही जागा कोणाच्या वशिल्यानं मिळाली? कोणी तोंडावर विचारलं, कोणी पाठीमागे. तुम्हाला वाटायचं मी उत्तर लपवते. खरी गोष्ट अशी की कितीतरी दिवस ते मलाच ठाऊक नव्हतं.

माझे वडील धुळ्याच्या कोर्टात कारकून होते. त्यांनी हट्टानं मला मराठी सातवीपर्यंत शिकवलं आणि फायनलच्या परीक्षेला बसवलं. मी पास झाले, वडील वारले आणि भावानं घाईघाईनं दोंडाईच्याजवळच्या या शेतकऱ्याच्या घरात माझं लग्न लावून दिलं. नवरा चांगला होता. पण तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. कपाळ मोकळं झालं, फायनलचं सर्टिफिकेट ट्रंकेच्या तळाशी गेलं, आणि मी निंदणीच्या बायकांत उभी राहिले.

आमच्या लोकांत विधवेचा पाट लागतो. भावानं शिरपूरकडचा एक बिजवर शोधला होता. विहीर, बागायत, दोन पोरं, पहिली बायको बाळंतपणात गेलेली. आबांनाही तो पसंत होता. भाऊ म्हणायचा, तुझं भलंच होईल. माझं भलं करायला निघालेल्या माणसांची मला तेव्हापासूनच भीती वाटते. त्या माणसाला मी पाहिलं नव्हतं, त्यानं मला पाहिलं नव्हतं, आणि उन्हाळ्यात पाट उरकायचं ठरत आलं होतं. मला काय वाटतं हे मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाले असते.

आणि अशात, ऐन ठरण्याच्या वेळी, वकीलसाहेबांचा गुमास्ता दारात येऊन उभा राहिला. वकीलसाहेब जळगावला राहायचे. आमच्या गावातली त्यांची जमीन आबा बटाईनं करत, त्यामुळे त्यांचा शब्द आमच्या घरात खाली पडत नसे. ते स्कूल बोर्डाचे मेंबरही होते. गुमास्त्यानं निरोप सांगितला की जळगावच्या मुलींच्या शाळेत एक बाई हवी आहे, तुमची सून फायनल पास आहे, तिला जूनमध्ये पाठवा, साहेबांनी सांगितलं आहे. आबा लालबुंद झाले, पण वकीलसाहेबांना नाही कसं म्हणणार? भाऊ तणतणत धुळ्याला गेला. पाट बारगळला. मी आनंदानं नाचायला हवं होतं, पण माझ्या मनात पाल चुकचुकली. ही जागा पेपरात आली नव्हती. मी अर्ज केला नव्हता. वकीलसाहेबांनी माझं तोंडही कधी पाहिलं नव्हतं. मग मी फायनल पास आहे हे त्या माणसाला सांगितलं कोणी, आणि एका तरण्या विधवेला आपल्या गावी बोलवून घेण्यात त्याचा फायदा काय?

जळगावात पोचले तर सारं गाव कापसाच्या जिनांच्या भोंग्यावर चालायचं. सकाळचा भोंगा झाला की मी चूल पेटवायची, दुसरा झाला की शाळा. खोली जिनामागच्या गल्लीत होती. हंगामात दारातून कापसाचा फुफाटा आत यायचा आणि भाकरीवर बसायचा. गावी मी सर्वांची वहिनी होते, इथे नुसती 'बाई' झाले. मस्टर, टाइमटेबल, इन्स्पेक्शन, कॅज्युअल लिव्ह, हे शब्द तोंडात बसायला वेळ लागला. ते बसले तशी अहिराणी तोंडातून उतरली. मुली हसायच्या ना!

पण शाळेतल्या बायका हसत नव्हत्या. हेडबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, कोणाकडून आलात? मी वकीलसाहेबांचं नाव सांगितलं आणि त्यांचा चेहरा पाटीसारखा कोरा झाला. मग माझ्यासमोर कोणी बोर्डाविषयी बोलेना. मी आत गेले की बायका गप्प व्हायच्या. मला वाटायचं, या मला साहेबांची हेर समजतात. नंतर कळलं की तसं काही जणी समजत होत्या, आणि बाकीच्या त्याहून वाईट समजत होत्या. मी गजरा माळत नसे, तरी माझ्या डोक्याकडे बघणाऱ्या होत्या. शेजारची बाई रोज सहज म्हणून विचारायची, काल कोणी आलं होतं का हो?

मीही काही कमी नव्हते. आभार मानायला म्हणूनसुद्धा वकीलसाहेबांच्या बंगल्याची पायरी चढले नाही. त्यांच्या घरून तिळगूळ आला तर तो खाल्ला नाही, गल्लीतल्या पोरांना वाटून टाकला. मनाशी ठरवलं होतं की या माणसानं एकदा जरी नको ते विचारलं, तरी ट्रंक उचलायची. मग शिरपूरचा बिजवर तर बिजवर. या विचारानं मला झोप येत नसे, कारण शाळा मला आवडायला लागली होती. पहिलीतल्या पोरी बोट धरून अक्षर गिरवायच्या तेव्हा मला वाटायचं, हे आपल्याकडून काढून घेतलं तर आपण जगणार नाही. आणि जे असं फुकट हातात पडतं ते कोणीतरी काढून घेणारच, ही माझी खात्री होती.

एकदा वकीलसाहेब बोर्डाच्या भेटीला शाळेत आले. मी वर्गाचं दार सताड उघडं टाकलं, खडू हातात घट्ट धरला आणि फळ्याला पाठ लावून उभी राहिले. ते दारात आले, मुलींना एक बेरीज विचारली, आणि हेडबाईंकडे वळून म्हणाले, "ह्या नवीन का?" मी कोण, हे त्यांना ठाऊकच नव्हतं! माझं नाव सांगितल्यावर नुसती मान हलवून ते पुढच्या वर्गात गेले. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट माझी झोप आणखी उडाली. याला माझ्यात रस नाही, तर मग कोणाला आहे? मला इथे आणून ठेवणारा हात दिसेचना. भाऊ? तो तर चिडला होता. बिजवर? त्याचं काय अडलं होतं? आबा? छे.

उलगडा झाला तो वकिलीणबाईंकडून. त्या शाळेच्या बक्षीस समारंभाला पाहुण्या म्हणून आल्या होत्या. भारी लुगडं, नाकात टपोरी नथ, पण बोलायला मोकळ्या. त्यांचं माहेर दोंडाईच्याचं. समारंभ संपल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या सासूबाई बऱ्या आहेत ना? त्या दिवशी फार झालं हो त्यांना." कोणत्या दिवशी, ते मला कळेना. मग त्यांनी सांगितलं.

संक्रांतीला वकिलीणबाई माहेरी हळदीकुंकू करत. आम्ही करायचो ती जमीन त्यांची, म्हणून अक्का दरवर्षी हरभऱ्याचा ढाळा आणि बोरं घेऊन जात. मी जाण्याचा प्रश्नच नव्हता. मला तिथे कोण बोलावणार? त्या वर्षी बायकांनी धरलं की अक्का, उखाणा घ्या. अक्का दरवर्षी लाजायच्या, आबांचं नाव पुटपुटायच्या आणि बसायच्या. त्या वर्षी त्या उभ्या राहिल्या. सगळ्या बायका गप्प झाल्यावर, नवऱ्याचं नाव घ्यायच्या जागी अक्कांनी माझं नाव घेतलं. "यमुना मन्ही सून, फायनल पास शे," असं म्हणाल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

आधी बायका तोंडाला पदर लावून हसल्या. म्हातारी चळली, असं कोणी म्हणालं. मग वकिलीणबाईंच्या आईच्या ध्यानात आलं की हळदीकुंकवात विधवेचं नाव घेतलं गेलं. त्यांनी कुंकवाची कोयरी उचलून आत नेली आणि अक्कांना वाण दिलं नाही. अक्का तशाच उठून निघाल्या. दारापर्यंत पोचवायला आलेल्या वकिलीणबाईंना त्यांनी हळूच विचारलं, तुमच्या साहेबांकडे शाळा असतात ना? वकिलीणबाईंनी जळगावला परतल्यावर नवऱ्याचा पिच्छा पुरवला.

मला ती संक्रांत आठवली. दरवर्षी अक्का वाण आणून माझ्यासमोर ठेवत. वाटी, फणी, काहीतरी. त्या वर्षी रिकाम्या हातानं आल्या होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या होत्या, सरी गयं. संपलं असेल, असं मी धरून चालले होते.

वकिलीणबाईंसमोर मी रडले नाही. खोलीवर येऊन रडले, पोटभर. पण तुम्ही मला ओळखता. डोळे पुसले तसा डोक्यात किडा वळवळायला लागला. अक्कांनी हे का केलं? सगळ्या बायकांत अपमान करून घेतला, नवऱ्याला फसवून वकिलाच्या शब्दात अडकवलं, ते माझ्यावरच्या मायेनं? मुलगा गेल्यानंतरच्या दोन वर्षांत त्यांनी माझ्या डोक्यावरून एकदा हात फिरवला नव्हता. मला घराबाहेर काढायचंच होतं तर पाट होताच की. मग मला सुचलं, आणि सुचल्यावर दुसरं काही पटेना. आपल्या मुलाची बायको दुसऱ्या घरात नांदलेली त्यांना बघवली नसती. मी जन्मभर त्यांच्या मुलाचीच राहावी, म्हणून त्यांनी मला शाळेत बसवलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेले. अक्का अंगणात बाजेवर कपडा अंथरून बिबडे, ज्वारीचे वाळवणाचे पापड, घालत होत्या. मी समोर बसले आणि हळदीकुंकवाचं सगळं कळल्याचं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. मी ठरवून आले होते, तेव्हा तेही बोलून टाकलं. म्हटलं, "तुमच्या मुलाची बायको दुसऱ्याची होऊ नये, म्हणूनच ना?"

मला वाटलं, कानावर हात ठेवतील. पण त्यांनी हातातलं बिबडं नीट पसरलं आणि म्हणाल्या, "हां. तेबी होतं."

माझ्या संशयाला कोणी सरळ होकार देईल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. पुढचं बिबडं घालता घालता त्याच पुन्हा बोलल्या. "मन्हा पोऱ्या गया. तुन्हा पाट लावता तं तू तठलीज व्हई जाती. मंग मन्हं कोन राहतं? आते कशी, सुट्टी लागनी का तू घर येस."

पुढे आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही. मी बिबडे उलटायला घेतले. संध्याकाळी त्यांनी मला ताटात दुसरी भाकरी न विचारता वाढली.

आता पेपरात 'पाहिजेत' म्हणून जाहिराती येतात, अर्ज छापील मिळतात, आणि तरीही लोक माझ्या खोलीवर येऊन विचारतात, बाई, बोर्डात तुमची ओळख आहे ना? असते थोडीफार. मी दोन-तीन मुलींसाठी शब्द टाकला आहे. त्या मला वाकून नमस्कार करतात आणि खाली मान घालून तिरप्या नजरेनं माझ्याकडे अशा बघतात, की मला त्यांच्या मनातलं सगळं वाचता येतं. ही बाई आपल्याकडून काय मागणार? विचारलं तर सांगेन.

आबा गेले. मागच्या थंडीत अक्काही गेल्या. घरचं शेत दिराच्या नावावर आहे आणि जाऊबाईंनी घर छान ठेवलं आहे. जळगावच्या खोलीत माझी भांडी आहेत, कुंडीत तुळस आहे, शेजारच्या बाईला माझ्याशिवाय करमत नाही. तिथे मला काही कमी नाही. तरी यंदा मेमध्ये मी दोंडाईच्याचं तिकीट काढलं. मला दारात बघून दीर-जावेनं एकमेकांकडे पाहिलं. पाणी दिलं, चहा दिला. पण दिराची नजर माझ्या ट्रंकेवरून हलेना. म्हातारी गेली, आता ही हिस्सा मागायला आली, हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं होतं. त्याला दोष काय देऊ? शेवटी न राहवून त्यानं विचारलंच, "वहिनी, आते तुम्ही कसाकरता उनात?"

इतकी वर्षं शाळेत शुद्ध बोलून माझी जीभ वळली होती. पण तेव्हा तोंडातून आलं ते गावचंच. "सुट्टी लागनी ना," मी म्हटलं, आणि ट्रंक उचलून अक्कांच्या खोलीत नेली.