बाईंची काळी पाच

आमच्या गाण्याच्या बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गुलमंडीत साडी फॉल-पिकोला टाकत होते. खोटं कशाला सांगू, आधी मला हायसं वाटलं. ती गोष्ट जाणणारी आता मी एकटीच उरले...

पुंडलिकनगरातल्या त्यांच्या क्लासात सगळ्या मुलींनी बाईंच्याच पट्टीत गायचं, काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या सुरालाच सा मानून. गळा जिथून खाली-वर सहज फिरतो ती ज्याची त्याची पट्टी, हे बाईंना कळत नव्हतं असं नाही, मानायचं नव्हतं. माझा गळा खालचा, काळी दोनचा. वरचा सा घेताना तो फाटला की बाई तीच ओळ पुन्हा म्हणायला लावायच्या, वर्ग खिदळेपर्यंत. सोळा वर्षांची होते मी. एकदा धीर करून विचारलं, "बाई, माझ्यापुरती पट्टी उतरवू का?"

"पट्टी उतरवून गातात ते गाणं नाय गं, रडगाणं. तू आपली पेटीवर बस."

बसले. अठ्ठावीस वर्षं त्यांच्या साथीला बसले आणि घरीसुद्धा कधी गायले नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या पंच्याहत्तरीचा कार्यक्रम होता. पडद्यामागं त्यांनी माझा हात धरला. "आज काळी चार लाव. गळा वर जाईना. कुणाला बोलू नको, माय." जन्मात पहिल्यांदा मला माय म्हणाल्या. मी मान डोलावली आणि तानपुऱ्याचं यंत्र काळी पाचवरच लावलं.

पहिल्याच सुरात त्यांना कळलं. वळून माझ्याकडं बघितलं. 'उतरव' एवढा एक शब्द पुरे होता. पण समोर सगळ्या शिष्या बसलेल्या, त्यांच्यादेखत तो शब्द बाईंच्या तोंडून कसा निघावा? गात राहिल्या. वरच्या सावर आवाज फाटला, दोनदा. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मी पेटीवर तोच सा दाबून धरला होता, मुद्दाम, चूक सगळ्यांना नीट ऐकू यावी म्हणून. मला तेव्हा गोड वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी क्लास बंद केला. मला एका शब्दानं जाब विचारला नाही, आणि मीही पुन्हा त्यांच्या दारात गेले नाही.

परवा त्यांची सून ते यंत्र घेऊन आली. "आई शेवटपर्यंत दार लावून गायच्या. हे तुम्हालाच द्या म्हणल्या."

ती गेल्यावर खटका दाबला. यंत्र काळी दोनवर लावलेलं होतं. त्यांचा गळा तिथवर खाली आला होता, की माझ्यासाठी लावून ठेवली होती... आता कोण सांगणार? मी दार लावलं आणि गायले. वरचा सा लागला, घोगरा पण नेमका. ज्यांना तो ऐकवायचा होता, त्यांचं गाणं मीच दाराआड कोंडलं होतं.