आचऱ्याच्या कुर्लीची फांदी

जगातली काळजी रेशनवर मिळत असती, तर माझी मामेबहीण रांगेत सगळ्यात पुढे उभी राहिली असती आणि माप कमी तर भरलं नाही ना, या काळजीत घरी आली असती. आचऱ्याला मामाच्या पडवीत बसून ती खेकड्यांवर, म्हणजे मामीच्या भाषेत कुर्ल्यांवर, प्रबंध लिहीत होती. कुठली जात कुठल्या जातीपासून फुटली, हे झाडासारख्या आकृतीत दाखवणारं सॉफ्टवेअर तिच्या लॅपटॉपवर होतं. "कुर्ल्यो झाडार कधीपासून चढाक लागल्यो गो?" मामी विचारायची. फाट्यावर क्लिक केलं की दोन फांद्या आपसात जागा बदलतात, नाती मात्र तीच राहतात, हे तिनंच मला शिकवलेलं. तरी फांदी हलली की हिचा जीव वरखाली. लगेच मूळ आकृती उघडून पडताळायची, मोबाईलवर पडद्याचा फोटो काढायची. वीज जाईल म्हणून लॅपटॉप चार्जिंगला लावायची आणि दाब वाढेल म्हणून लगेच काढायची. झाडातली लॅटिन नावं मोठ्यानं वाचणं हे माझं काम, ती वहीतल्या यादीशी ताडून बघणं तिचं. माझे उच्चार ऐकून मामाचा कुत्रा उठून जायचा.

या झाडात आचऱ्याच्या खाडीतली एक कुर्ली अगदी वेगळ्या फांदीवर एकटी बसली होती. म्हणजे नवीन जात! प्रबंधाचा सगळा डोलारा तिच्यावरच उभा होता. प्रबंध मार्गदर्शक सरांना पाठवून झाला, तरी दुसऱ्या दिवशी बाईसाहेबांनी मला पुन्हा वाचायला बसवलं. अकराव्या नावाशी तिनं हात वर केला. "थांब. परत वाच, सावकास." मी वाचलं. तिचा चेहरा उतरला. सॉफ्टवेअरमध्ये हातानं नावं बदलताना दोन नावांची अदलाबदल झाली होती. एकटी फांदी दुसऱ्याच एका माहितीतल्या खेकड्याची होती. आमची कुर्ली चारचौघींसारखी ओळखीच्या घोळक्यात होती.

"कोणाक कळाचा नाय," मी म्हणालो.

"पण माका कळला मा रे!"

तिनं लगेच सरांना फोन लावला. "सर, चूक माझी आहे. ती नवीन जात नाहीच." मग सर म्हणाले, "प्रबंधातलं ते प्रकरण काढावं लागेल."

काढलं. सहा महिने उशिरा का होईना, पदवी मिळाली. आता ती लांबच्या कॉलेजात शिकवते, आचऱ्याला क्वचितच येते.

त्या दिवशी फोन ठेवून ती एकटीच खाडीकडे गेली. मी मागून गेलो, तर बाईसाहेब ओहोटीच्या चिखलात पोटरीपर्यंत उतरून एका कुर्लीकडे बघत उभ्या. कुर्ली बिळात गेली, तरी ती बराच वेळ तिथंच बघत राहिली.