अरुणाताईंची ढील

अथालच्या आमच्या सोसायटीत कंडी पिकली, की अरुणाताईंनी दुधनीच्या तलावात उडी घेतली. उडी कसली! राखोलीच्या कारखान्यात तीस वर्षं धागा तपासून निवृत्त झालेल्या या बाई काइटबोर्डिंग शिकत होत्या. पायांखाली फळी, कमरेला हार्नेसचा जाड पट्टा आणि हातात बार, म्हणजे मोठ्या पतंगाच्या दोऱ्यांचा दांडा. वारा उठला, तशी घाबरून त्यांनी बार छातीशी ओढला. पतंगाने त्यांना पाण्यातून फरफटत नेलं.

"बार सोडा!" शिक्षक ओरडला. सोडताच पतंगाचा जोर ओसरला.

काठावर त्यांचे यजमान अशोकराव तणतणले, "पुरे तुझा हट्ट! पुन्हा इथे यायचं नाही."

केस पिळत ताई म्हणाल्या, "अहो, घट्ट धरलं की ओढ वाढते. जरा ढील द्या, मी आपोआप काठाला येईन."