घरगुती वापरासाठी फुकट

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगते. बरं, राहू द्या, तुम्ही हसणारच. आपली फजिती आपणच पैसे भरून, पावती घेऊन करून घेतली म्हटल्यावर ऐकणाऱ्यांनी तरी काय करायचं?

आम्ही जबलपुरात गोरखपूर भागात राहतो. तिथे आमचं एक छोटंसं मराठी मंडळ आहे. मंडळाचा एक हॉल आहे आणि हॉलच्या मागे भांड्यांची खोली. पातेली, पराती, झारे आणि एक कढई. कढई एवढी मोठी की लहान मूल तिच्यात पोहायला शिकेल. कोणाकडे मुंज, बारसं, सत्यनारायण असला की भांडी इथून जातात.

जातात, एवढंच. परत येण्याचं काही नक्की नसायचं. खोलीची किल्ली तेव्हा पिंपळखुटे काकांकडे होती. काका मंडळाचे अध्यक्ष. कोणी विचारलं की म्हणायचे, "चलो, जाऊ द्या. येतील परत. आपलीच तर माणसं आहेत." आपल्याच माणसांनी निम्मे झारे नेले होते.

मग एका सभेत मी बोलले. म्हणजे ओरडले. मोठी माणसं कुठलंच काम नीट का करत नाहीत, नियम का लिहून ठेवत नाहीत, लिहिले तर वाचत का नाहीत, असं सगळं. सभा संपली तेव्हा किल्ली माझ्या हातात होती. (ओरडणाऱ्याला काम देऊन गप्प करायचं, ही युक्ती आहे हे मला फार उशिरा कळलं.)

किल्ली आली तशी मी दारावर पाटी लावली. 'भांडी सभासदांना घरगुती वापरासाठी फुकट. धंद्यासाठी आधी परवानगी, मग भाडं.' संगणकावर सुंदर गोल अक्षरांत टाइप केली, छापली, लॅमिनेट केली. अक्षर असं की जणू प्रत्येक काना-मात्रा पाकातून काढलीय.

या पाटीची पहिली शिकार निमा काकू.

निमा काकू आमच्या गल्लीतल्याच. दिवाळीत चिवडा-चकलीच्या ऑर्डरी घेतात. सदर या छावणीच्या भागातल्या फौजी कुटुंबांत त्यांच्या चिवड्याला फार मागणी. काकूंनी कढई ऑटोत घातली आणि घरी नेली. मी त्यांना मंडळात गाठलं, आणि तेही भजनाच्या वेळी, सगळ्या बायका जमलेल्या असताना.

"काकू, पाटी वाचली का?"

"वाचली ना. छान आहे अक्षर. काहून?"

"धंद्यासाठी परवानगी लागते, असं लिहिलंय."

"अगं पण मी घरीच करून राहिले ना चिवडा. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या हातानं. मग घरगुतीच झालं ना?"

"विकता ना तुम्ही तो?"

"थोडासा विकते. बाकी आम्हीच खातो."

"काकू, थोडासा आणि जास्त असं काही नसतं. कुठे बसून करता याला काडीचं महत्त्व नाही. त्यातून पैसे येतात का, एवढंच बघायचं. सोपं आहे हो! एवढं कसं कळत नाही?"

टाळ वाजायचे थांबले होते. दुसऱ्या दिवशी कढई परत आली, ती अशी घासलेली की मला तिच्यात माझा चेहरा दिसला. तेव्हा मला तो चेहरा फार आवडला होता.

आता दुसरी गोष्ट. त्याच दिवसांत मी फोनसाठी एक गेम बनवत होते. 'पंगत' नावाचा. आपण वाढपी व्हायचं, पंगत बसलेली असते, कोणाचं पान रिकामं राहू द्यायचं नाही. एक आजोबा सारखी जिलबी मागतात, एक मावशी सारखं "पुरे" म्हणतात पण वाढलं नाही तर रुसतात. मराठी आणि हिंदी, दोन्ही भाषांत काढला. जबलपुरात नुसता मराठीत काढला असता तर तो आमच्याच घरात चालला असता.

बाबा बँकेत आहेत. त्यांचं एकच म्हणणं होतं. "सई, हा तुझा गेम दिवाळीपर्यंत लोकांपर्यंत पोचला तर पोचला. नाही तर गुपचूप बँकेच्या परीक्षेला बसायचं."

म्हणजे समजलं ना? एका बाजूला पंगत, दुसऱ्या बाजूला चक्रवाढ व्याज.

गेम वेळेत निघाला. मंडळातल्या सगळ्यांनी उतरवून घेतला, अगदी पिंपळखुटे काकांनीसुद्धा. लोक म्हणाले, अक्षरं काय सुंदर आहेत! असणारच. पाटीवर वापरलेला तोच फॉन्ट मी गेममध्ये घातला होता. इंटरनेटवर फुकट मिळाला होता.

इथपर्यंत माझा गुन्हा कोणालाही माहीत नव्हता. मलासुद्धा नाही. तो उघडकीला आणण्याचं काम मी स्वतःच केलं. फॉन्ट बनवणाऱ्याला मी मेल लिहिली. 'तुमचा फॉन्ट माझ्या गेममध्ये किती शोभतोय, बघा तरी!' खाली लिंक, खाली माझा फोन नंबर. चोराने चोरलेलं सामान आपल्या घरात कसं शोभतंय हे बघायला मूळ मालकालाच बोलवावं, तसं.

शनिवारी मी भांड्यांच्या खोलीत होते. निमा काकू सत्यनारायणासाठी परात न्यायला आल्या होत्या. अगदी शुद्ध घरगुती काम. मी पराती उपसत होते, तेवढ्यात फोन वाजला. हात अडकलेले, म्हणून स्पीकर लावला.

"ताई, मी मृण्मयी बोलतेय, कोल्हापूरहून. तो फॉन्ट मी बनवलाय. कॉलेजात आहे मी."

"अगं वा! गेम आवडला का?"

"आवडला. ते जिलबीवाले आजोबा भारी आहेत. पण ताई, तुमच्या नावावर परवाना कुठे सापडला नाही मला."

"कसला परवाना? फॉन्ट तर फुकट होता."

"वैयक्तिक वापरासाठी फुकट. लग्नपत्रिका, वाढदिवसाचं कार्ड, असल्या गोष्टींसाठी. फाइलसोबत लिहून दिलंय. वाचलं नाही का?"

तुम्ही वाचता का हो? फॉन्टसोबत एक छोटी मजकुराची फाइल येते, ती आजवर कोणी उघडली आहे? पण हे तिला कसं सांगणार! म्हणून मी तिला माझी बाजू नीट समजावून सांगितली.

"हे बघ, गेम मी एकटीनंच बनवलाय. कंपनी नाही, काही नाही. घरीच, माझ्या खोलीत बसून. मग वैयक्तिकच झालं ना?"

माझ्या मागे परात उचलणारा एक हात थांबला.

"पण ताई, गेममध्ये जाहिराती आहेत. आणि चांदीची पळी हवी तर खरे पैसे भरावे लागतात."

"थोड्याशाच आहेत जाहिराती."

"काकू, थोड्याशा आणि जास्त असं काही नसतं!"

काकू! मला! कॉलेज सोडून मला असे कितीसे दिवस झालेत? ताईची काकू व्हायला मला जेमतेम दोन वाक्यं लागली.

"सॉरी हं," ती म्हणाली. "आमच्याकडे असं काकू लोकच बोलतात, म्हणून तोंडातून गेलं. अजून कुठे वापरलाय का फॉन्ट?"

"नाही," मी म्हटलं.

"पाटीवर आहे ना," मागून आवाज आला.

"कसली पाटी?" मृण्मयीने विचारलं.

निमा काकू दारापाशी गेल्या आणि पाटी मोठ्यानं, सावकाश, शाळेत धडा वाचावा तशी वाचू लागल्या. "भांडी सभासदांना घरगुती वापरासाठी फुकट. धंद्यासाठी आधी परवानगी, मग भाडं."

तिकडे कोल्हापुरात ती पोरगी हसली. चांगली दम लागेपर्यंत हसली.

मी म्हटलं, थांब, मी आत्ता, या क्षणी परवाना विकत घेते. तिचं पान उघडलं. परवान्यांचे दोन-तीन प्रकार दिसत होते. वाचत कोण बसणार? त्यातला सगळ्यात स्वस्त घेतला, पैसे भरले. "घे! झालं?"

"ताई, हा छापील कामाचा घेतलाय तुम्ही. पोस्टर, पाटी वगैरे. ॲपमध्ये फॉन्टची फाइलच आत घालून प्रत्येकाच्या फोनमध्ये पाठवतात ना, त्याचा परवाना वेगळा असतो."

"असं कसं? अक्षरं तीच आहेत ना?"

"अगं, ती बरोबर बोलून राहिली," निमा काकू फोनपाशी वाकून म्हणाल्या. "चिवडा पाठवणं वेगळं आणि चिवड्यासोबत कढईच गिऱ्हाइकाकडे पाठवणं वेगळं. असंच ना, बेटा?"

"अगदी असंच! कोण बोलतंय?"

"मी काकू. खरी."

तर हिशेब असा झाला की पैसे भरून पाटी कायदेशीर झाली. गेम नाही झाला. ॲपचा परवाना माझ्या ऐपतीबाहेरचा होता. मृण्मयीने रविवारपर्यंत गेममधून फॉन्ट काढायला सांगितलं. हे ती फार गोड बोलली, आणि त्यामुळे जास्तच लागलं. मी गेम तात्पुरता बंद केला.

घरी बाबांनी चष्मा पुसत एवढंच म्हटलं, "बंद? अच्छा. मग परीक्षेची पुस्तकं आणून ठेवू?"

मी चवताळून कामाला लागले. धंद्यासाठीसुद्धा फुकट वापरता येतात असे खुल्या परवान्याचे फॉन्ट असतात, आणि चांगलेही असतात. या वेळी मी परवाने पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचले. एक फॉन्ट निवडला, गेममध्ये घातला. पण माझी पंगत सजली होती गोल, गुबगुबीत अक्षरांवर. हा नवा फॉन्ट सरळ, शिस्तीचा, भांग पाडून बसलेला. 'अजून वाढा' हे असं दिसायला लागलं की वीजबिल भरायची शेवटची तारीख सांगताहेत. जिलबीवाले आजोबासुद्धा ओशाळल्यासारखे वाटायला लागले.

तेवढ्यात आई चिवड्याचा डबा उघडत होती. डब्यावर चिकटवलेल्या कागदावर पेनाने लिहिलं होतं, 'तिखट'. गोल, गुबगुबीत, पाकातून काढलेलं अक्षर.

मी डोकं धरून बसले. तुमच्या लक्षात आलंच असेल डबा कोणाकडचा होता.

पण विचार केला तर गेममध्ये शब्द असे कितीसे होते? 'वाढा', 'पुरे', 'मीठ', 'जिंकलात', 'हरलात'. हिंदीतलेही तेवढेच. कोणी हाताने लिहून दिले, त्यांची चित्रं केली आणि घातली, तर फॉन्टच नको!

काकू चकल्या पाडत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी सोऱ्या बाजूला ठेवला.

"लिहून देईन ना. त्यात काय आहे? घरगुती वापरासाठी फुकट."

"आणि… म्हणजे… गेमसाठी?"

"धंद्यासाठी आधी परवानगी, मग भाडं." पाटी त्यांना तोंडपाठ होती.

"पण काकू, मी तर घरीच…"

त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. टाळ नव्हते, पण थांबल्यासारखे वाटले.

"बरं," मी म्हटलं. "परवानगी द्या. भाडं काय ते सांगा."

काकूंनी तिथेच बसून शब्द लिहून दिले. 'वाढा' एका झटक्यात झाला. 'हरलात' मात्र मनासारखा येईना म्हणे, म्हणून पुन्हा पुन्हा लिहिला, माझ्याकडे बघत बघत.

रविवारी गेम परत सुरू झाला. मृण्मयीचा निरोप आला, 'हे अक्षर कोणाचं? माझ्यापेक्षा भारी आहे.' बाबा परीक्षेचं नाव काढत नाहीत, कारण ते स्वतः जिलबीवाल्या आजोबांपाशी अडकलेत, आणि रोज रात्री निमा काकूंच्या अक्षरात 'हरलात' वाचून झोपतात.

आणि भाडं? दिवाळीच्या ऑर्डरी संपेपर्यंत मंडळाची कढई काकूंकडे राहील. मंडळाचं भाडं मी भरायचं आणि रोज कढई घासायला मी जायचं. नुसती घासून चालत नाही, तिच्यात चेहरा दिसला पाहिजे अशी अट आहे.

आज सकाळी दिसला एकदाचा. मी नीट निरखून पाहिला. कोणा तरी काकूचा वाटला.