अनुसाआत्याचं बेट

बेटावर कोणीही उतरलं की अनुसाआत्या आधी विचारायची, "वारं कसं हाय मधी?" बरे आहात का, काय काम काढलं, हे सगळं नंतर. तलाठी असो, मासे घ्यायला आलेला व्यापारी असो, नाहीतर माझ्यासारखी लसीचा डबा मांडीवर घट्ट धरून बसलेली नर्स असो, पाय चिखलातून काढायच्या आत हा प्रश्न यायचा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला उत्तरच देता येईना, कारण निम्मी वाट मी डोळे मिटून आले होते. आत्यानं माझ्याकडं नीट पाहिलं आणि होडीवाल्या सोपानरावांना म्हणाली, "हिला भ्या वाटतंय. जाताना मधल्या फळीवर बसीव, कडंला नगं."

मी बारामती तालुक्यातल्या कोऱ्हाळे बुद्रुकची. आमच्याकडं पाणी कालव्यातून येतं, पाळीनं येतं आणि पाळी संपली की जातं. लहानपणापासून पाण्याची वाट बघायची सवय. इंदापूर तालुक्यात उजनीच्या फुगवट्याकाठच्या उपकेंद्रात माझी नेमणूक झाली, तेव्हा न जाणारं पाणी मी पहिल्यांदा पाहिलं. त्या पाण्यात एक टेकाड होतं, टेकाडावर तीन घरं आणि त्या घरांत पाच लहान मुलं. त्यांना लस द्यायला महिन्यातून एकदा जाणं हा माझ्या कामाचा भाग होता.

आत्या आणि तिचे मालक, ज्यांना सगळे तात्या म्हणायचे, त्यांचं घर सगळ्यात वर होतं. धरण भरलं तेव्हा खालची रानं बुडाली, गाव दुसरीकडं वसलं. यांचं मात्र टेकाडावरचं रान तेवढं वर राहिलं, म्हणून हे राहिले. मी एकदा विचारलं, "बेटावर राहायला कसं काय आलात?" आत्या हसून म्हणाली, "म्या कुठं बेटावर आले? लगीन होऊन आले तवा हितनं चालत इंदापूरच्या बाजाराला जात व्हतो. पाणीच माझ्याभवती आलं."

ती फार मोठ्यानं बोलायची. सुरुवातीला मला वाटलं, तिला ऐकू कमी येतं. मग लक्षात आलं की तिला सगळा दिवस लांबच्या माणसांशी बोलायची सवय आहे. तात्या खाली जाळ्यापाशी, ही वर घराशी, म्हशी पाण्यात, सोपानराव पाव मैलावर होडीत. सगळ्यांशी तिचं बोलणं एकाच आवाजात चालायचं. सोपानराव होडीत असतानाच ती त्यांच्या पोराच्या तापाची, बायकोच्या गुडघ्याची चौकशी करायची आणि तेही तिथूनच ओरडून उत्तर द्यायचे. काठावरच्या धुणं धुणाऱ्या बायकांना त्यामुळं बेटावरची प्रत्येक गोष्ट माहीत असायची.

मी तिला अहोजाहो करायची. दुसऱ्या वर्षी तिनं मला थांबवलं. "आत्याला कुनी तुमी म्हनतं व्हय गं? तुला सख्खी आत्या न्हाय का?" होती, पण तिच्याशी इतकं बोलणं नव्हतं. त्या दिवसापासून मी तिला अगंतुगं करू लागले आणि बेटावरचं माझं काम अर्ध्या तासाऐवजी अर्धा दिवस चालू लागलं.

खरं सांगायचं तर ते दिवस फार चांगले होते. दिवाळीनंतर पाणी काठोकाठ असायचं आणि सकाळी त्यावर पाखरांचे थवे उतरायचे. उन्हाळ्याकडं पाणी मागं सरकलं की गाळाची काळी जमीन उघडी पडायची. आत्या कमरेला पदर खोचून तिथं काकडी आणि टरबुजं लावायची. त्या गाळातल्यासारखं टरबूज मी नंतर कुठंही खाल्लं नाही. तात्या चिलापी मासा आणायचे, आत्या तो लसूण आणि लाल मिरची वाटून तव्यावर कोरडा करायची. जेवताना दोघं एकमेकांशी भांडायचे, तेही मोठ्यानं. तात्या म्हणायचे, "हिनं मला हितं बांधून ठेवलंय." आत्या म्हणायची, "दावं कापलेलं हाय कवाच. जावा की."

अडचणीही तिथंच राहायच्या. वीज नव्हती, मोबाईल घराच्या मागच्या बाभळीखाली उभं राहिलं तरच लागायचा. साप निघायचे. पीठ संपलं तर वारा पडेपर्यंत भाताच्या कण्यांवर भागवायचं. मुलं मोठी झाली, शाळेचा प्रश्न आला, तशी बाकीची दोन घरं एकामागून एक काठावर गेली. आत्याचा मुलगा दत्ता तर आधीच लोणी देवकरला कारखान्यात लागला होता, बायकोमुलांसह तिथंच राहत होता. आता बेटावर लस द्यायला कोणी उरलं नाही. तरी मी जात राहिले. रजिस्टरला 'ज्येष्ठांची तपासणी' असं लिहायची.

एका पावसाळ्याच्या तोंडाला तात्यांना ताप आला. आत्याचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "छातीत घरघर वाजतंय, बाई. तू येतीस का?" मी औषधं घेऊन काठावर गेले. वारा असा होता की लाटा काठावरच्या होडीवर आदळत होत्या. सोपानराव होडी सोडायला तयार होईनात. मी त्यांना नाही नाही ते बोलले. ते ऐकून घेत उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "बाई, तुमाला घिऊन बुडालो तर तात्याला कोन बघंल?" त्या दिवशी वारा पडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी फोनवरून गोळ्या सांगत होते, गरम पाणी सांगत होते, उशाला काय लावायचं ते सांगत होते. दुपारी तिचा फोन बंद पडला. समोर बेट दिसत होतं, घराचा पत्रा दिसत होता, आणि मी काठावर बसून होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी शांत झालं. आम्ही तात्यांना घोंगडीत घालून होडीत आणलं. श्वास उथळ होता, पण शुद्ध होती. अंग फार तापलं होतं, म्हणून त्यांनी हात पाण्यात सोडू द्या असं खुणेनं सांगितलं. आत्यानं त्यांचं मनगट धरलं आणि हात पाण्यात सोडला. काठावर अॅम्ब्युलन्स उभी होती, तिचा पांढरा रंग मला दिसत होता. मी तिकडंच बघत होते. मागून आत्याचा आवाज आला. पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली ती. "सोपाना, इंजिन बंद कर. आता घाई न्हाय."

इंजिन बंद झालं. होडी आपोआप थोडी फिरली. मग सोपानरावांनी वल्हं हातात घेतलं.

तेरावं झाल्यावर दत्ता माझ्याकडं आला. "मॅडम, माझं ती ऐकत न्हाय. एकटी कशी राहील तिथं?" मी त्याच्याबरोबर गेले. खरं तर त्यानं सांगायची गरज नव्हती, मी आधीच ठरवलं होतं. त्या दोन दिवसांनंतर मला समोरचं पाणी बघवत नव्हतं. आत्या म्हशी धूत होती. मी तिला सगळं सांगितलं: तुझं वय, तुझा रक्तदाब, साप, वारा. ती ऐकत होती आणि म्हशीच्या पाठीवर पाणी मारत होती. "तात्या वाऱ्यानं न्हाय गेलं," ती म्हणाली. "त्यांचं भरलं व्हतं. वारं काय आज आलंय?"

तेव्हा मी जे बोलले ते मला नीट आठवतं. मी म्हणाले, "आत्या, तू इथं राहिलीस तर मला झोप लागायची नाही. वारा सुटला की मी काठावर येऊन बसणार. मला पुन्हा तसं बसायला लावू नकोस." ती थांबली. माझ्याकडं बघून म्हणाली, "तुझ्यासाठी व्हय?" मी मान हलवली. "मंग येते," ती म्हणाली. म्हशी तिनं सोपानरावांना देऊन टाकल्या. त्या होडीमागून पोहत काठावर गेल्या आणि आत्या त्यांना नावानं हाका मारत होडीत बसून गेली.

लोणी देवकरला दत्ताच्या दोन खोल्या दुसऱ्या मजल्यावर होत्या. सून समजूतदार होती, नातवंडं आजीला चिकटून असायची. नळ, गॅस, पंखा, सगळं होतं. पण खाली आणि शेजारी कारखान्यातली माणसं राहायची, रात्रपाळी करून आलेली, दिवसा झोपणारी. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बाईनं हात जोडून सांगितलं, "आजी, जरा हळू बोला, आमचे हे झोपलेत." आत्याला फार ओशाळवाणं झालं. ती हळू बोलायला शिकू लागली. तिला ते जमायचं नाही. मधेच आवाज चढायचा आणि ती दचकून तोंडावर पदर धरायची. मग तिनं बोलणंच कमी केलं.

मी भेटायला जायची तेव्हा ती जिन्याच्या पायरीवर बसलेली असायची. एकदा म्हणाली, "हितं समदी मानसं हाताच्या अंतरावर हायती. हाक मारायला कुनी लांब न्हायच." मी हसण्यावारी नेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तुला बेटावर घेऊन जाते, असं मी तिला म्हणाले. त्या उन्हाळ्यात सर्वेक्षणाचं काम लागलं. पुढच्या उन्हाळ्याआधी माझी बदली भवानीनगरला झाली. तिनं एकदाही आठवण करून दिली नाही.

नंतर ती न्हाणीघरात घसरून पडली, खुबा मोडला. अॅम्ब्युलन्स लगेच आली आणि बारामतीच्या दवाखान्यात चांगले उपचार झाले. पण पडून राहून छातीत कफ साठला. मी गेले तेव्हा ती खिडकीकडं तोंड करून पडली होती. मी स्टूल ओढून बसले. दोन वर्षं मनात धरून ठेवलेलं मी तेव्हा विचारलं. "आत्या, मी तुला बेटावरून आणलं, ते चुकलं का गं माझं?"

मला वाटलं होतं, ती नाही म्हणेल. आजारी माणसं असं म्हणतात, आपण त्यासाठीच विचारतो. तिनं थोडा वेळ विचार केला. "व्हय," ती म्हणाली. "चुकलं." मग दम घेऊन म्हणाली, "तू भ्यालीस आन् त्याला काळजी म्हनलीस. म्या वळखलं व्हतं. तरीबी आले, ते माझं चुकलं." तिनं माझा हात धरून ठेवला होता, आणि तो तिनं सोडला नाही. "आता रडू नगंस. केसं इचर माझी, लई गुंता झालाय."

मी तिचे केस विंचरले, अंबाडा घातला. ती डोळे मिटून पडून राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी दत्ताचा फोन आला. मी भवानीनगरला बाळांना डोस देत होते. रांग होती. उरलेल्या बाळांना डोस देऊन मगच उठले.

आता भवानीनगरच्या आसपासची माणसं म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन माझ्याकडं येतात. शेतातल्या वस्तीवर एकटे राहतात, हट्ट करतात, मॅडम, तुम्ही समजावून सांगा, तुमचा शब्द मोडायचे नाहीत. मोडत नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी मुलांना बाहेर बसायला सांगते. म्हाताऱ्या माणसाच्या समोर बसते आणि विचारते, तुम्हाला कुठं राहायचंय? बऱ्याच जणांना हे कोणी कधी विचारलेलंच नसतं. ती दाराकडं बघतात, पायाकडं बघतात. मी उत्तराची वाट बघते.