दोन सेन्सरना एक ड्रायव्हर

आमच्या डहाणूच्या ऑफिसात माणसं तीन आणि किस्से ढीगभर! मालक म्हणजे सर, सोल्डरिंगवाला जिग्नेश आणि प्रोग्राम लिहिणारी मी. दवाखान्यातल्या लसींच्या फ्रीजना आम्ही अलार्म बसवतो. गारवा गेला की तो ओरडतो. तो चुकला तर पोरांच्या लसी वाया, म्हणून हसतानाही एक कान फोनकडे असतोच.

*

यंदा अलार्ममधला गारवा मोजणारा जुना सेन्सर बाजारातून गायब झाला. विकणाऱ्याने नवा पाठवला, "सेम टू सेम है!"

सर खूश. "दिसायला सारखे ना? मग ड्रायव्हरही एकच!" ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरला सेन्सरचं बोलणं समजावणारा प्रोग्राम.

त्याच संध्याकाळी सर आपली समजून शेजारच्या दुकानदाराची स्कूटर घेऊन कैनाडला घरी पोहोचले. रंग तोच, चावीही लागली!

सकाळी आल्या आल्या म्हणाले, "आधी तपासून घेऊ या."

*

जिग्नेशने धाकटी डहाणूच्या बंदरावरून घरी न्यायला पापलेट आणलं होतं. बर्फाची पेटी आयतीच मिळाली. दोन्ही सेन्सर आत खुपसले. जुना म्हणतो दोन डिग्री, नवा म्हणतो वीस!

"बेन, पापलेटला ताप आला!" जिग्नेश ओरडला. त्याच्या गुजरातीत मी बेन, म्हणजे ताई.

नवा बेटा आकडा दहापट करून पाठवत होता.

*

मग भांडण. जिग्नेशला दोन वेगळे ड्रायव्हर हवे होते. मला नको. प्रत्येक दुरुस्ती दोनदा करायची म्हणजे एकदा तरी विसरणारच.

"फरक एका वाक्यात सांग," मी म्हटलं.

"नवा दहापट पाठवतो."

"पण?"

"पण काय? बाकी सगळं तेच."

"मग एकच. आधी सेन्सरला व्हर्जन विचारायचं, नवा निघाला तर दहाने भागायचं. वाक्यात दोन 'पण' आले असते, म्हणजे आणखी फरक निघाले असते, तर वेगळा लिहिला असता!"

"चुकलं तर दवाखान्यातल्या सिस्टरसमोर तू जा, बेन."

*

रानशेतकडच्या एका दवाखान्यात एकाच फ्रीजमध्ये जुना आणि नवा शेजारी शेजारी लावले. दोनच दिवसांत सिस्टरचा फोन, "तुमचं मशीन ओरडतंय!"

मी लॅपटॉप पिशवीत कोंबला. जिग्नेशने बाइक काढली आणि आम्ही थेट दवाखाना गाठला.

सिस्टरने लसी आधीच बर्फाच्या पेटीत हलवल्या होत्या. अर्धा जीव तिथेच भांड्यात पडला. जिग्नेशने वाकून स्क्रीन पाहिली. जुना चौदा, नवाही चौदा! फ्रीजमध्ये हात घातला, गारव्याचं नाव नाही.

"बेन, दोघं खरं बोलतायत!"

आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. मला तर रडूच आलं. सिस्टर कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"अहो मॅडम, फ्रीज मेलाय आमचा! टाळ्या कसल्या देताय?"