निळीसाठी कुठला व्हॉल्व्ह

"पण डॉक्टरांना तू सरळ नाही कशी म्हणालीस?" नवऱ्याने तिसऱ्यांदा विचारलं.

निळी ताटं पुसत राहिली. उत्तर तिच्या आईने दिलं. नाही म्हणाली तेच बरं केलं, आधी पोरीला जगू तर द्या.

तान्ही असताना रडली की ओठ निळे पडायचे, म्हणून हे नाव. हृदयातलं भोक पाचव्या वर्षी शिवलं, एकोणिसाव्या वर्षी गळका व्हॉल्व्ह दुरुस्त केला. आता तिशीत तो पार निकामी झाला होता. नवा धातूचा बसवला तर बहुधा जन्मभर पुरेल, पण रक्त पातळ करणारी गोळी रोज, मरेपर्यंत; साधं चिरलं तरी रक्त लवकर थांबायचं नाही. आणि त्या गोळीवर बाळंतपण म्हणजे दोन जिवांशी खेळ. जनावराच्या ऊतींपासून केलेला बसवला तर ती गोळी कायमची लागत नाही, पण तिच्या वयात तो दहाएक वर्षांत झिजतो. मग पुन्हा छाती उघडा.

तपासणीच्या खोलीत नेहमीप्रमाणे अख्खं घर शिरलं होतं. डॉक्टरांनी मूल हवंय का विचारलं, तेव्हा सासरे तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. त्यांच्यादेखत हो म्हणायला तिची जीभ रेटेना. मान हलली ती नकाराची. डॉक्टरांनी तेवढंच लिहून घेतलं आणि धातूचा ठरवला.

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं की मूल हवं होतं, फार हवं होतं. तेव्हापासून घराला चैन नव्हतं. नवरा म्हणे, दुसरा बसवू, दहा वर्षांत विज्ञान कुठल्या कुठे जाईल. आई म्हणे, जावईबापू, तुम्ही बाहेर बाकावर बसता, कापतात तिला. सासऱ्यांचं तसबिरी मढवण्याचं दुकान होतं आणि काचा निळी कापायची. आठवड्यातून एकदा बोट चिरलं नाही असं व्हायचं नाही. ते आज म्हणाले, "दहा वर्षांची हमी मी फ्रेमलासुद्धा देत नाही."

नवऱ्याने पुन्हा तोंड उघडलं तसं निळीने हातातलं ताट ठेवलं.

"मी दुपारी एकटी जाऊन आले डॉक्टरांकडे. मूल हवंय म्हणून सांगितलं. ते बदलायला तयार होते."

आई खुर्ची ओढून तिच्यासमोर येऊन बसली.

"दर वेळी छाती उघडणं आधीपेक्षा अवघड, म्हणाले. बसस्टॉपवर बसून मी वर्षं मोजली. तीन बस सोडल्या. मूल आठ-नऊ वर्षांचं होईल, तेव्हा मी पुन्हा त्या टेबलावर. गळ्यात नळी, हात बांधलेले. ते बाहेर उभं राहणार आणि त्याला कुणी काही सांगणार नाही. ते मला जमणार नाही. पुन्हा आत गेले आणि धातूचाच बसवा म्हटलं. सोमवारी भरती व्हायचंय. मूल होणार नाही. आणि बाबा, काच कापायला दुसरं माणूस बघा."